मावशीचा टोल

तमाशा म्हणजे लावणी, एवढीच माझ्यासारख्या सदाशिवपेठी माणसाची समजूत. ती मोडली नारायणगावजवळच्या एका गावच्या जत्रेत. मित्राच्या आबांनी बोलावलं होतं. वाकडेवाडीहून एसटी पकडली, चाकणला नेहमीप्रमाणे अडकलो आणि पुढे मंचर मागे टाकून नारायणगावला उतरलो. अंतर सुमारे ७५ किलोमीटर, पण चाकणची कोंडी ते दुप्पट करते.

नारायणगाव म्हणजे तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं गाव, तमाशाची पंढरी. चैत्राच्या सुमारास इथे फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, फडमालकासमोर मांडी घालून बसतात आणि आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात. आबा म्हणाले, "लग्नाची बोलणी परवडली, पण ही नको!"

रात्री खेळ सुरू झाला. गण, म्हणजे गणपतीचं स्तवन झालं, ढोलकी-हलगीची जुगलबंदी झाली आणि गवळण आली. डोक्यावर पदर, हातात माठ घेतलेल्या चार-पाच गवळणी ठुमकत मथुरेच्या बाजाराला निघाल्या. पुढे मावशी. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पन्नाशीचा गडी. कुंकू रुपयाएवढं आणि हनुवटीवर सकाळच्या दाढीची हिरवट सावली. तिने कमरेवर हात ठेवून नुसतं मान वळवून पाहिलं, तेवढ्यावर मंडप हसला.

वाटेत कृष्ण आडवा. सोबत तोतरा पेंद्या. "बाजाराला जायचं तर दान द्या!"

"कसलं दान रं?" मावशी म्हणाली, "चाळकवाडीला टोल भरून आलोय आम्ही. पावती दावू?"

माझ्या शेजारच्या आजींनी तोंडात पदर कोंबला.

कृष्णाला दही नको, दूध नको, राधा हवी. मग मावशी पदर सावरत पुढे सरकली. "राधेचं काय घेऊन बसलास? मलाबी मन हाय!" ढोलकीवर थाप पडली, मावशीने गिरकी घेतली आणि देव पेंद्यामागे लपला. पण खरी मेख पुढे होती. गवळणी कृष्णाची गाऱ्हाणी सांगू लागल्या, वाट अडवतो, माठ फोडतो. मावशीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रोज ह्योच रस्ता का गं धरता?" राधेने मान खाली घातली. तुणतुणेवालाही हसत होता. मग वग, म्हणजे तमाशातलं नाटक, पहाटेपर्यंत चालला. तो मी अर्धा पेंगत पाहिला, खोटं कशाला सांगू.

सकाळी हजेरी, म्हणजे फडाचा सकाळचा खेळ होता, त्यानंतर कुस्त्यांचा आखाडा. चहाच्या गाडीवर कालची मावशी भेटली, पायजम्यात, कपाळावर कुंकवाचा पुसट डाग. मी "दादा" म्हणून हाक मारली, तर चहावाला म्हणाला, "मावशी म्हणा, हितं सगळे मावशीच म्हणतात." गडी ओशाळला नाही. बशीत चहा ओतून फुर्र करून प्यायला. तेवढ्यात पारावर ढोलकी वाजली. त्याने खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावर ओढला आणि गर्दीतून ठुमकत निघाला.