चिखलाची तयारी

परवा दुपारी बागकामाच्या दुकानात गुडघ्याखाली घ्यायची गादी घेत होते. हिरवी, रबरी, वर गुलाबांची नक्षी. गल्ल्यावरच्या आजीबाईंनी विचारलं, "यंदा काय लावणार?" म्हटलं, लावायचं काही नाही, नुसतं उकरायचंय. त्या हसल्या. त्यांना वाटलं असणार, तण.

एप्रिल लागला की माझं हे असं सुरू होतं. इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमध्ये, रोमन सम्राट हॅड्रियनच्या भिंतीपासून थोडं दक्षिणेला, विंडोलांडा नावाचं जुनं रोमन लष्करी ठाणं आहे. तिथे एप्रिल ते सप्टेंबर उत्खनन चालतं आणि आमच्यासारख्या हौशानवशांना पैसे भरून दोन आठवडे माती उकरू देतात. पैसे भरून, हे माझ्या पुण्याच्या भावाला अजून पचलेलं नाही. "रोजगार हमीवर खड्डे खणायचे पैसे मिळतात," तो म्हणतो, "आणि तू देतेस?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी विषय आंब्यांवर नेते.

खरं सांगायचं तर खणण्यापेक्षा मला त्याआधीचा हा महिना जास्त आवडतो. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला वस्तूंचा ढीग वाढत जातो. लोकरीची टोपी आणि उन्हाचं क्रीम शेजारी शेजारी, कारण तिथे दोन्ही एकाच दिवशी लागतात. पावसाळी पॅन्ट. पाठदुखीची ट्यूब. लोणच्याची छोटी बरणी, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत. आणि थापी. गवंड्याची असते तीच, फक्त लहान, चार इंची. वर्षानुवर्षं माती खरवडून तिची कड झिजते आणि पातं हळूहळू टोकदार होत जातं. माझी आता हाताला अशी बसली आहे की ती मी कुणाला देत नाही. मागितली तर सरळ नाही म्हणते. माझ्याकडून पैसे घ्या, छत्री न्या, नवरासुद्धा दोन दिवस न्या, थापी नाही.

ढीग जसा वाढतो तसा नवरा येता-जाता शेरे मारतो. या वर्षी त्याचा रोख मोज्यांवर आहे. "इतके मोजे? सैन्यात चाललीस का?"

खरं म्हणजे सैन्यातच. विंडोलांडाच्या चिखलातून १९७३ पासून लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं निघत आली आहेत, इसवी सन १००च्या आगेमागेची. तिथे एक ठाणं मोडलं की वर माती दाबून दुसरं बांधायचे. असं एकावर एक चाललं, आणि तळाच्या ओल्या थरांत हवाच पोचली नाही. म्हणून लाकूड टिकलं, कातडं टिकलं. पादत्राणंच पाच हजारांवर निघाली आहेत. यातल्या एका पत्रात कुणीतरी ठाण्यातल्या कुणाला तरी कळवतं, की तुला मोजे पाठवलेत, चपलांचे दोन जोड आणि आतल्या चड्ड्यांचे दोन जोड. पत्राचा सुरुवातीचा भाग गेला आहे, त्यामुळे पाठवणारा कोण ते कळत नाही. माझ्या मते आई. तज्ज्ञ असं काही म्हणत नाहीत, पण दोन जोड आतले कपडे पाठवून वर ते पाठवल्याचं लिहून कळवणारं माणूस दुसरं कोण असेल? खाली ठाण्यातल्या चारपाच जणांना नावानिशी नमस्कार सांगितला आहे, आणि मग बरोबर राहणाऱ्या बाकी सगळ्यांना. होस्टेलच्या पत्त्यावर येणाऱ्या माझ्या आईच्या पत्रांचा शेवट असाच असायचा. खोलीतल्या प्रत्येकीचं नाव, आणि एखादीचं राहिलं असेल म्हणून शेवटी "सर्वांस".

दुसऱ्या एका पत्रात मास्क्लुस नावाचा अधिकारी वरिष्ठांना लिहितो, की माझ्या लोकांकडची बियर संपली आहे, पाठवायला सांगा. तिसऱ्यात ऑक्टेव्हियस म्हणतो, कातडी आणायला गेलो असतो, पण रस्ते खराब आहेत, जनावरांचे हाल नकोत. हे वाचल्यावर रोमन साम्राज्याबद्दलची माझी भीड चेपली. शाळेत आम्हाला सीझर होता. रस्ते खराब आहेत म्हणणारा ऑक्टेव्हियस कुणी सांगितलाच नव्हता.

आणि मिरी. हिशेबाच्या एका फळीवर तप्पोचा मुलगा गांबाक्स याच्या नावावर मिरी मांडली आहे, दोन दिनार. त्या काळी रोमन लोकांची मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून जायची. जहाजानं इजिप्त, मग कुठून कुठून फिरत ती या धुक्यातल्या टेकाडावर पोचली आणि गांबाक्सनं घेतली, बहुधा सर्दीसाठी. तिथे गेलेल्या कुणालाही हे पटेल. मी दर वर्षी मिसळणाचा लहान डबा नेते, त्यात मिरीपूड असतेच. सोबतची मंडळी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या सँडविचवर मागून घेतात. ती मात्र देते. थापी नाही.

मला हा नाद कुठून लागला असं कुणी विचारलं की मी घोड नदीचं नाव सांगते. शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. मामाचं घर तिथून जवळ, आणि मी चौथीपर्यंत मामाकडे. गावाबाहेर पांढरीची टेकाडं होती. तिथली माती शेतात टाकली की पीक जोमानं येतं म्हणून गाडीवारी भरून न्यायचे; इसवी सनाआधी १६०० ते ७०० या काळातली वस्ती आपण ज्वारीला घालतोय हे कुणाच्या गावी नव्हतं. मग तंबू आले. मामा सुगी आटोपली की तिथे रोजानं जायचा. शाळा सुटली की मी चाळणीजवळ जाऊन बसायची. घमेलं आलं की धूळ उडायची, आणि मागे राहिलेल्यातून मण्याएवढं काही निघालं की मोठी शिकलेली माणसं लहान मुलांसारखी ओरडायची. ते मला फार आवडायचं. आमच्या घरात मोठी माणसं फक्त रागानं ओरडत.

टाकून दिलेली खापरं मी परकराच्या ओच्यातून घरी आणायची. तांबडी, काळ्या रेघांची. मामी वैतागायची. "आगं, घरात फुटकी गाडगी कमी हायेत का, आनि गोळा करती?" परसात माझा ढीग होता, तो तिनं दोनदा उकिरड्यावर टाकला आणि मी दोनदा परत आणला.

एकदा मामानं संध्याकाळी जेवताना सांगितलं, की आज घराच्या जमिनीखाली लहान मूल निघालं. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आणि आत बारकी हाडं. अशी बरीच निघालीत म्हणाला. त्या काळी लहान गेलं की घरातच पुरायचे. मामीचा हात भाकरीवर थांबला. तिचा पहिला मुलगा माझ्या जन्माआधी गेला होता, त्याला ओढ्याच्या कडेला ठेवला होता, आणि पुढच्या पावसाळ्यात ओढ्यानं ती कडच नेली. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घरातच? बरं केलं." दुसऱ्या दिवसापासून खापरांच्या ढिगाला तिनं हात लावला नाही.

हे मी कुणाला सांगत नाही. विंडोलांडाजवळच्या बार्डन मिल स्टेशनच्या गप्पांत किंवा हॅड्रियनच्या भिंतीकडेनं जाणाऱ्या बसमध्ये (तिचा नंबरच एडी १२२ आहे, भिंतीचं काम सुरू झालं ते साल, इंग्रजांना असले विनोद गंभीर चेहऱ्यानं करता येतात) नाद कसा लागला असं कुणी विचारलं, की मी घोड नदी, चाळणी, मणी इथपर्यंतच सांगते. त्यांना तेवढं पुरतं.

तर यादीत आता टिटॅनसचं इंजेक्शन राहिलंय, आणि तो मोज्यांचा वाद. नवरा म्हणतो, रोज रात्री धुवून वाळत घाल, चार जोड पुष्कळ झाले. नॉर्थम्बरलंडमध्ये मोजे वाळतात असं मानणाऱ्या माणसाशी काय बोलणार? मी चौदा भरलेत.