भोंगा पहाटे तीनला वाजायचा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ साली रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात झाली. भोंगा झाला की दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. त्यातली खुबी ही की 'बंद कर' असं आईला म्हणावं लागत नाही, भोंगा म्हणतो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत भोंगा कोण वाजवणार? म्हणून ते काम मी वायफायवर सोपवायचं ठरवलं. रात्री साडेनऊला मुलांचे मोबाईल, टॅब आणि टीव्ही यांचं नेट तुटावं, सकाळी सहाला परत यावं. एवढ्यासाठी पाच आठवडे गेले.

बाकीचं एका रविवारी उरकलं. चार्जर बेडरूममधून हॉलमध्ये आले, यूट्यूबचा ऑटोप्ले बंद केला, मुलांच्या अँड्रॉइड फोनवर गूगल फॅमिली लिंक हे पालकांनी वेळेची मर्यादा लावायचं अ‍ॅप टाकलं. त्यात एक मेख आहे: रोजची मर्यादा दर उपकरणाला वेगळी लागते. फोनला एक तास आणि टॅबला एक तास दिला, तर मुलाला दोन तास मिळाले.

पाच आठवडे खाल्ले ते राउटरच्या पासवर्डने. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की नेट कंपनीच्या डब्याचं, म्हणजे राउटरचं, लॉगिन उघडतं. डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पासवर्ड चालतो, पण त्याने आमच्या डब्यात वायफायचं नाव बदलणं आणि वायफाय चालू-बंद करणं एवढंच जमतं. वेळापत्रकाचं पान अ‍ॅडमिनलाच दिसतं, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड कंपनीकडे. कस्टमर केअरला पहिला फोन केला. 'मॅडम, राउटर बंद करून चालू करा.' दुसऱ्या फोनला तक्रार क्रमांक मिळाला आणि दुसऱ्या दिवशी तक्रार सोडवल्याचा मेसेज. घरी कोणी फिरकलंच नव्हतं. तिसऱ्या खेपेला आलेल्या मुलाने स्पीड टेस्ट काढून दाखवली. स्पीड उत्तम होता. मला तर साडेनऊनंतर शून्य हवा होता!

चौथ्या आठवड्यात एकाने पासवर्ड स्वतः टाकून वेळापत्रक लावून दिलं, आणि पासवर्ड न सांगता गेला. त्या रात्री साडेनऊला काहीच बंद झालं नाही. सकाळी मात्र सासूबाईंचा टीव्हीवरचा हरिपाठ लागेना, तो थेट साडेअकराला लागला. साडेनऊत साडेपाच मिळवा, पहाटेचे तीन होतात. डब्याचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर (जीएमटी), म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं. ते भारतीय वेळेवर आणायचं, तर पुन्हा तोच अ‍ॅडमिन पासवर्ड.

तिथे मी हात टेकले आणि स्वतःचा राउटर आणला. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. केबलचं एक टोक कंपनीच्या डब्याच्या लॅन पोर्टमध्ये आणि दुसरं नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (नेट आत घेणाऱ्या) घालायचं आणि डब्याचं वायफाय बंद करायचं, नाहीतर मुलं जुन्याच नावाला जोडून बसतात. दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ होतो; नव्याचा बदलून १९२.१६८.१०.१ करा. टाइम झोन जीएमटी +५:३० निवडा आणि इंटरनेटवरून वेळ घेण्याचा पर्याय चालू ठेवा, कारण वीज गेली की राउटरचं घड्याळ मागे पडतं. डब्याचं रिसेटचं भोक टाचणीने दाबायला जाऊ नका. कंपनीचं सेटिंग पुसलं गेलं की नेट पूर्ण बंद, आणि पुन्हा तेच कस्टमर केअर.

तरीही फोन निसटतो. अँड्रॉइड १० पासून फोन वायफायच्या प्रत्येक नावासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता (राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो क्रमांक) वापरतात. साध्या नावावर अडवलेला फोन त्याच राउटरच्या दुसऱ्या बँडच्या, '५जी' लावलेल्या वायफाय नावावर नवा म्हणून शिरतो. फोनमध्ये त्या वायफायच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन उपकरणाचा मॅक निवडा. आयफोनमध्ये 'प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस' बंद करा. दोन्ही बँडना एकच नाव दिलंत तर अर्धी डोकेदुखी संपते. मोबाईल डेटा आणि आजोबांचा हॉटस्पॉट मात्र राउटरच्या हातात नाही. आजोबांशी आधीच बोलून ठेवा.

साडेनऊच का? रात्री डोळ्यांवर उजेड पडत राहिला की मेलाटोनिन उशिरा तयार होतं आणि झोप लांबते. साडेदहाला झोपायचं तर तासभर आधी पडदा बंद हवा. लहान मुलांसाठी आकडे स्पष्ट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत जास्तीत जास्त एक तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांहून कमी सांगते.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायला सांगतात. आमच्या हॉलमध्ये वीस फूट मिळत नाहीत, खिडकीतून येऊरचा डोंगर बघायचा. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, त्याने डोळे कोरडे पडतात. चष्म्याचा नंबर लागणं लांबवायला मात्र बाहेरचा उजेडच लागतो, रोज दोनेक तास. ढगाळ दिवसाचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, तेव्हा पावसाळ्यात उघडीप मिळाली की मुलांना उपवन तलावावर न्या.

पहिले तीन-चार दिवस घरात आदळआपट होते. आपलाही फोन त्याच यादीत घाला, नाहीतर साडेनऊला पहिला प्रश्न तोच येतो. शाळेच्या ग्रुपवर उशिरा येणारा गृहपाठ सकाळी सहानंतर बघायचा.

आणि वेळापत्रक भरताना एक: काही राउटर मध्यरात्र ओलांडणारी वेळ घेत नाहीत. तिथे २१:३० ते २३:५९ आणि ००:०० ते ०६:०० अशा दोन ओळी कराव्या लागतात. शनिवारी सिनेमासाठी साडेबारापर्यंत सूट द्यायची असेल, तर शनिवारची रात्रीची ओळ काढा आणि रविवारची पहाटेची ००:३० पासून सुरू करा. हे विसरल्यामुळे आमचा सिनेमा बरोबर बाराला बंद पडला.