पाटकरी बाबा, चिंचोके आणि पाड्यावरची पावती

भरताची वांगी बाजारात आली की आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा भरतो. आमचं गाव साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. मंडळाचा खजिनदार मी पहिल्या वर्षापासून आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, शाल-श्रीफळ हे सगळं दरवर्षी यथासांग होतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मी वाट बघतो ती पाटकरी बाबांची. बंधाऱ्याच्या फडावर त्यांनी उभी हयात पाणी वळवलं. माईक हातात घेतला की ते समोरच्या एखाद्या पोराकडे बोट करतात, ‘कोना पोऱ्या शे तू?’ पोरानं बापाचं नाव सांगितलं की त्याच्या घरची पट्टी कुठल्या फडात होती, शेजारी कोण होतं, हे बाबा धडाधड सांगतात. मग फड समजावतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार भाग, एका फडात एका हंगामाला एकच पीक. बहुतेक घरांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी असलं की पंच एखादा फड पडीक ठेवायचे आणि त्याची झळ सगळ्यांनाच बसायची. दारं धरायला शेतकऱ्यानं जायचंच नाही, ते काम पाटकऱ्याचं. राखणीला जागल्या. दोघांची मजुरी धान्यात. पुढे विहिरी झाल्या, मोटारी बसल्या आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. एवढं सांगून बाबा थोडा वेळ गप्प राहतात. ते गप्प राहणं मला दरवर्षी रडवतं.

त्यांच्यानंतर आमची ताई. आमच्याच शाळेची विद्यार्थिनी, आता धुळ्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. ती पाच जणांना पुढे बोलावते आणि प्रत्येकाला दहा चिंचोके देते. हवे तेवढे डब्यात टाका, उरलेले आपल्याजवळ ठेवा. डब्यातले ती दुप्पट करते आणि पाचांत सारखे वाटते. सगळ्यांनी सगळे टाकले तर प्रत्येकाला वीस मिळतात. पण एकानं मूठ आवळली आणि चौघांनी सगळे टाकले, तर चौघांना सोळा-सोळा आणि त्या एकाला सव्वीस! ताई सांगते, जगभर हा खेळ खेळवून पाहिलाय. सुरुवातीला लोक साधारण निम्मे टाकतात, आणि दुसरे हात आखडतायत असं दिसलं की डाव-डावागणिक डबा रिकामा होत जातो. खेळणाऱ्यांना आपसात बोलू दिलं की मात्र पुन्हा भरायला लागतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी पाट, कुरणं, जंगलं सांभाळणाऱ्या गावांचा अभ्यास केला, त्याबद्दल त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नियम वापरणाऱ्यांनीच ठरवावेत, राखणदार त्यांना जबाबदार असावा, असं त्यांना टिकलेल्या व्यवस्थांत दिसलं. ताईनं हे सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘मंग आम्ही काय करत होतो?’ टाळ्या थांबेनात.

पण त्याच वर्षी ताईनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. 1970 च्या सुमारास हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञांनी ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. कुणाला कुठली चित्रं आवडतात, एवढ्या क्षुल्लक कारणावरून. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं.

मी माझी पावतीपुस्तकं आठवली. गावातल्या प्रत्येक आळीत मी फिरलो होतो, पण पलीकडच्या पाड्यावर कधीच गेलो नव्हतो. ती पोरंही आमच्याच शाळेत शिकली. त्यांना कशाला तोशीस, असं मी मनाशी म्हणायचो. मेळाव्याला ती यायची, जेवायची आणि लवकर निघून जायची. पुढच्या वर्षी मी पाड्यावर गेलो. एका म्हातारीनं पावती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाली, ‘आता बोलावलंत खरं.’ त्या मेळाव्याला पाड्यावरून नागलीचं पीठ आणि तांदळाचं पोतं आलं, आणि पोरं भांडी घासून होईपर्यंत थांबली.

याउलट सुरतला गेलेली आमचीच एक तुकडी. नवापूरवरून थेट गाडी आहे, तरी सलग तीन वर्षं कुणी फिरकलं नाही. पैसे पाठवतात, वेळेवर पाठवतात. मला पैसे नकोत असं नाही, पण पंगतीत त्यांची जागा रिकामी राहते आणि मला ती दिसते.

आता मदत करणाऱ्यांबद्दल, आणि कुणी राहून जाऊ नये म्हणून काल दोनदा यादी केली. पऱ्हाट्या आणून वांगी भाजणारे जिभाऊ आणि त्यांचे दोन्ही भाऊ. कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या आक्का, त्यांच्या जावा आणि शेजारच्या वहिनी. दळणाचे पैसे न घेणारे गिरणीवाले आप्पा. मंडप देणारे नाना, माईकवाला पोरगा, शाळेची चावी घेऊन पहाटे पाचला हजर असलेले शिपाईमामा. पाण्याचा टँकर देणारे तात्या, ज्यांचं नाव गेल्या वर्षी आभारात राहून गेलं आणि जे तरीही यंदा न सांगता आले. पाड्यावरची ती पोरं. आणि बाबांना मोटारसायकलवर आणणारा त्यांचा नातू. यंदा बाबांना उभं राहवलं नाही, ते बसूनच बोलले. बोट मात्र तसंच उचललं आणि पाड्यावरच्या एका पोराला विचारलं, ‘कोना पोऱ्या शे तू?’