केस जिंकली तरी पैसे मिळाले नाहीत

कॉलेजात मी एकदाच मूट कोर्ट, म्हणजे सरावासाठी लढवलेली लुटूपुटूची केस, केलंय. दुसऱ्याच वाक्याला जजच्या खुर्चीतल्या सरांनी अडवून प्रश्न टाकला आणि हातातला कागद थरथरायला लागला, ते अजून आठवतं. म्हणून अमेरिकेतल्या मायकल फॅरिसबद्दल वाचताना मी त्याने काढलेल्या कॉलेजपाशी जास्त रेंगाळलो.

माणूस मुळात वकील, कट्टर ख्रिश्चन, दहा मुलांचा बाप. त्यांना घरीच शिकवायचं ठरवलं आणि १९८३ मध्ये अशाच पालकांच्या केसेस लढायला एका मित्रासोबत संस्था काढली. १९८६ मध्ये तो सुप्रीम कोर्टात उभा राहिला एका अंध विद्यार्थ्यासाठी, ज्याला बायबल कॉलेजात शिकायचं होतं म्हणून वॉशिंग्टन राज्याने सरकारी मदत नाकारली होती. सगळे न्यायाधीश त्याच्या बाजूने! पण केस परत राज्याच्या कोर्टात गेली आणि १९८९ मध्ये तिथे वॉशिंग्टन राज्याच्या स्वतःच्या घटनेचं कारण देऊन मदत पुन्हा नाकारलीच. टेनेसी राज्यात शाळेच्या पाठ्यपुस्तकांना धर्माच्या कारणाने हरकत घेणाऱ्या पालकांच्या केसचंही तसंच, खालच्या कोर्टात जिंकला, १९८७ मध्ये अपिलात हरला.

मग राजकारण. १९९३ ला व्हर्जिनियात लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालच्या पदासाठी, उभा राहिला, त्याच्याच पक्षाचा गव्हर्नर दणक्यात निवडून आला आणि हा पडला.

पण पुढच्याच फेब्रुवारीत जे झालं ते मला फार मोठं वाटतं. शिक्षणाच्या एका बिलात शिक्षकांना सर्टिफिकेट सक्तीचं करणारं कलम होतं, ते घरी शिकवणाऱ्या आईबापांनाही लागू होईल अशी भीती होती, तर यांच्या संस्थेने देशभर फॅक्स पाठवले आणि पालकांनी इतके फोन केले की संसदेच्या लाइन्स जाम झाल्या. कलम काढायला ४२४ मतं, विरोधात फक्त १. कुठलाही वकील एकट्याने हे करू शकला नसता.

२००० मध्ये त्याने व्हर्जिनियातच पर्सेलव्हिलला पॅट्रिक हेन्री कॉलेज काढलं, मुख्यतः घरी शिकलेल्या मुलांसाठी. पहिल्या वर्षी शंभरही मुलं नव्हती, आणि तो स्वतः त्यांना मूट कोर्टसाठी तयार करायचा. काही वर्षांत ही पोरं देशपातळीवरच्या स्पर्धा जिंकायला लागली. त्याची बरीच मतं मला अजिबात पटत नाहीत, पण समोरून प्रश्नांचा मारा होत असताना न डगमगता उभं राहायला शिकवणारा मास्तर म्हणून मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे.

म्हणूनच २००६ चं वाचून वाईट वाटलं. त्या वर्षी त्याच कॉलेजातून पाच प्राध्यापक बाहेर पडले आणि वाद होता शिकवण्याच्या स्वातंत्र्याचा. पालकांनी मुलांना काय शिकवायचं हे सरकारने ठरवू नये म्हणून जो आयुष्यभर भांडला, त्याच्याच वर्गांत हा प्रश्न उठावा? मूट कोर्टात त्याच्यासमोर उभं राहायची संधी मिळाली असती तर मी हेच विचारलं असतं.