बुलेट 350: टायमिंग 0.8वर का टिकत नव्हतं, ते सापडलं

गरम इंजिनाची उलटी किक (सुरू करताना किक उलटून पायावर येणं) अखेर थांबली. मागच्या नोंदीत संशय कॉइलवर होता, तो साफ चुकीचा निघाला. कॉइल ठणठणीत, कंडेन्सरही. गडबड डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या भागाच्या, पोटात होती आणि एक नाही, दोन होत्या.

लक्षण पुन्हा सांगतो. जुन्या सीआय (कास्ट आयर्न) इंजिनाचं स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद असताना बसवलेली ठिणगीची वेळ: पिस्टन टीडीसीच्या (सर्वांत वरच्या टोकाच्या) आधी 0.8 मि.मी., ऑटो अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर आणणारी वजनं आणि स्प्रिंगा) पूर्ण मागे असताना. पॉइंटची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, गॅप 0.35 ते 0.40 मि.मी. हे सगळं बसवून पुन्हा तपासलं की कधी 0.8, कधी 1.3, कधी 0.5. थंड इंजिन एका किकमध्ये सुरू. पंधरा मिनिटं चालवून बंद केलं की पुढची किक पायावर उलटी.

आधी मोजणीच संशयाखाली घेतली. प्लगचं भोक तिरकं असल्याने त्यातून घातलेली तार पिस्टनच्या माथ्यावर घसरते. शिवाय टीडीसीजवळ पिस्टन हलतोच किती? 90 मि.मी. स्ट्रोकला 0.8 म्हणजे क्रँकचे साधारण साडेनऊ अंश, आणि तिथे 0.2ची चूक म्हणजे एक अंशाहून जास्त. तारेवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून प्रायमरी कव्हर काढलं (मधला एकच नट, पण खाली ट्रे हवाच), क्रँकच्या टोकावरच्या रोटरच्या नटावर डिग्री डिस्क (अंशांच्या खुणांची चकती) लावली आणि जाड तारेचा काटा केला. पिस्टन स्टॉप (पिस्टनला ठरावीक जागी अडवणारा) जुन्या प्लगचा: चिनीमाती फोडून काढायची, कवचात आटे पाडून टोक गोल केलेला बोल्ट घालायचा, हवा जायला बारीक भोक ठेवायचं. पिस्टन खाली असतानाच तो बसवायचा आणि इंजिन हातानेच फिरवायचं, किकने अजिबात नाही. दोन्ही बाजूंनी टेकवून आलेल्या दोन आकड्यांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. तो कॉम्प्रेशनचाच आहे ना, हे व्हॉल्व्ह उघडणारे दोन्ही पुशरॉड बोटाने मोकळे फिरतात का त्यावरून कळतं.

मग स्टॉप काढून, टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढे फिरवत पॉइंट उघडण्याची जागा बघायची. इथे एक सवय लावून घ्या: खूण ओलांडली तर तेवढंच मागे आणून थांबू नका. चांगलं पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे या. डिस्ट्रिब्युटरपर्यंत गिअरांची रांग आहे, प्रत्येकाचा थोडा प्ले (मोकळी हालचाल) असतो, तो एकाच बाजूला बसायला हवा. अ‍ॅमीटरचा काटा शून्यावर परतण्याची जुनी पद्धत रस्त्यावर उत्तम. बाकावर मात्र पॉइंटला समांतर लहान बल्ब लावावा. पॉइंट उघडले की तो पेटतो, क्षण नेमका कळतो. इग्निशन उगाच चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असले की कॉइल तापत राहतं.

एवढं करूनही आकडा आठ ते बारा अंशांत फिरत होता. म्हणजे मोजणी बरोबर होती, टायमिंगच हलत होतं.

पहिला दोष डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टच्या बुशात. कॅमच्या टोकाला फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) धरून शाफ्ट बाजूला दाबला की गॅप 0.30, सोडला की 0.45. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग आपोआप पुढे सरकतं. म्हणूनच आधी गॅप, मग टायमिंग. हलत्या शाफ्टवर दोन्ही व्यर्थ. लेथवाल्याकडून गनमेटलचा बुश शाफ्टच्या मापाने करून घेतला, क्लिअरन्स 0.02 ते 0.03, बसवण्याआधी रात्रभर तेलात. आता गॅप कुठूनही दाबा, 0.38च.

दुसरा दोष जास्त छुपा होता. ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या एका वजनाखाली जुनं ग्रीस डिंकासारखं चिकटलेलं आणि एका स्प्रिंगचा डोळा ओढला गेलेला. इंजिन बंद झाल्यावर कॅम पूर्ण मागे येत नव्हता, तीनेक अंश पुढेच अडकायचा. डिस्ट्रिब्युटर अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकला सहा अंश: 0.8चं जवळपास 2 मि.मी. उलटी किक बसणारच! थंड असताना तोच कॅम धक्क्याने जागेवर यायचा. पिना रॉकेलने धुऊन प्रत्येकीवर पातळ तेलाचा एकच थेंब दिला. ग्रीस फक्त कॅमवर, पॉइंटच्या टाचेपुरतं. बाजारातल्या सुट्या स्प्रिंगांबद्दल मत वाईट आहे: एका पुडीतल्या दोनही सारख्या ताणाच्या नव्हत्या, तिसऱ्या पुडीत जोडी जमली. स्प्रिंग कापून किंवा ओढून जुळवू नये.

पॉइंट तेलदगडाने सपाट केले. पॉलिश पेपरचे कण पॉइंटात रुततात. प्लेट कॅमच्या उलट दिशेने सरकवली की टायमिंग पुढे जातं, हे ध्यानात ठेवून साडेनऊवर आवळली. सलग पाच वेळा तपासली: साडेनऊ, साडेनऊ, दहा, साडेनऊ, साडेनऊ. आयडलवर अ‍ॅमीटरचा काटा एका लयीत डुलतोय. पाच गरम स्टार्ट, एकही उलटी किक नाही.

नवा डिस्ट्रिब्युटर घ्यायचा बेत आता रद्द. उलट डिस्क लावलेलीच आहे तर कव्हर मिटण्याआधी रोटरवर टीडीसी आणि साडेनऊच्या कायमच्या खुणा कोरून घेतो. स्ट्रोबला (चालत्या इंजिनाचं टायमिंग बघायच्या लुकलुकत्या दिव्याला) स्वतंत्र 12 व्होल्टची बॅटरी लागेल. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: याच डिस्कवर इनलेट व्हॉल्व्ह कधी उघडतो तेही बघून टाकावं. टायमिंग कव्हरचा गॅस्केट नाहीतरी पाझरतोच आहे.