नंबर देण्याआधी

"तुझी थेरपिस्ट कशी सापडली गं? नंबर देशील?" मी एका बाईबरोबर संसार करते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यातलं कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

पहिल्यांदा गेले ते गंगापूर रोडवरच्या एका समुपदेशकांकडे. झोप उडाली होती, अंबडला कंपनीत मोजमाप घेताना हात थरथरायचे. त्यांनी वीस मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "आईवडिलांचा विचार करा. लग्न झालं की हे सगळं जातं." फी भरली, खाली आले, गाडीला किल्ली लावली आणि तिथेच रडत बसले. पुढे आठ महिने कुणाकडेच गेले नाही. त्या आठ महिन्यांचा राग अजून जात नाही. समलैंगिकता हा आजार नाही, हे मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. आणि माणसाला 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या वेळी आधी फोन केले. सरळ विचारायचे, "माझी जोडीदार बाई आहे. अशा कुणाबरोबर काम केलंय का तुम्ही?" दोघं गडबडले. एक म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनाच घेतो." त्या चांगल्याच असतील, पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. चौथ्या बाई म्हणाल्या, "केलंय, पण फार नाही. जे माहीत नसेल ते मी वाचून येईन, तुम्हाला शिकवायला लावणार नाही." मी लगेच वेळ घेतली.

नाशिक तसं लहानच. मावशीच्या भिशीतली कुणी भेटली तर? या भीतीने मी गाडी अशोक स्तंभापाशी लावून चालत गेले. फॉर्मवर 'पतीचे नाव' असा रकाना होता, पेन तिथेच अडलं. बाईंनी कागद स्वतःकडे घेतला, 'पती'वर रेघ मारून वर 'जोडीदार' लिहिलं आणि विचारलं, "घरी काय हाक मारता त्यांना?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी तिचं घरातलं नाव सांगितलं. त्या खोलीत ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारताना घसा दाटून आला. बाई थांबल्या, घाई केली नाही.

आपलं बोलणं बाहेर जाणार नाही ना, हेही बिनधास्त विचारा. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. फी परवडत नसेल किंवा रात्री-अपरात्री जीव घाबरला, तर १४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

बाईंना विचारून नंबर पाठवते. पहिला फोन एकट्याने करवत नसेल तर सांगा, मी येऊन शेजारी बसेन. शनिवारी मला सुट्टी असते.