तुम्ही विचारलंत म्हणून: पेट्रोलची ऑफ-रोडर घेऊ की डिझेल पिकअप?

"काका, पैसे कसेबसे जमवतो, पण आधी सांगा, पेट्रोलची छोटी फोर बाय फोर घेऊ की सरळ डिझेल पिकअप?" हा प्रश्न मला इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या शेजाऱ्यापासून ते पुतण्याच्या ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळे विचारून राहिलेत, कारण माझ्या दारात जिम्नी, म्हणजे मारुतीची पेट्रोलवरची छोटी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी), उभी असते आणि साडूंकडे मोठी डिझेल पिकअप आहे, आणि दोन्ही मी भरपूर चालवल्यात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी उलटा प्रश्न विचारतो, पिकअपच्या डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, काय ठेवणार? यावर दहातले आठ जण गप्प होतात. मग म्हणतात, तंबू, सायकल, कधीतरी गावाहून गव्हाचे कट्टे. म्हणजे डालं वर्षातले अकरा महिने रिकामं. रिकामं डालं असेल तर पिकअप घेऊ नका, माझं मत एवढंच आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण समजा.

पिकअपच्या मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असतात, माल भरल्यावर नीट बसावी म्हणून कडक केलेले. रिकामी गाडी स्पीडब्रेकरवर मागून उडी मारते आणि मागच्या सीटवरची सासू दुसऱ्या दिवशी पाठ धरून बसते. आणि वजन सगळं पुढे, इंजिनाकडे, म्हणून चिखलात मागची चाकं हलकी पडून जागच्या जागी फिरतात. हे मी इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे साडूंच्या शेताच्या वाटेवर बघितलंय, पहिला पाऊस होऊन गेलेला, साडूभाऊ पुढे पिकअपमध्ये आणि मी मागे जिम्नीत. माळव्याची काळी माती ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, ही पाणी प्यायली की फुगते आणि टायरला अशी चिकटते की खाचा दिसेनाशा होतात, मग महागातला ऑल-टेरेन टायर असो की गुळगुळीत झालेला, दोघांत काही फरक राहत नाही. पिकअपचा मागचा भाग हळूहळू तिरपा होत नाल्याकडे सरकला, शेवटी शेतातल्या चार माणसांना डाल्यात मागच्या टोकाला उभं केलं तेव्हा कुठे चाकांनी जमीन धरली. माझी हलकी असल्यामुळे तेवढा तुकडा तरंगत पार झाली, मला जरा मिशीत हसू आलं, आणि पुढच्या वळणावर चाक आणि मडगार्डच्या मधे माती इतकी ठासून भरली की चाक फिरेना. खुरप्याने खरवडत बसलो. नंतर दोन्ही गाड्या शेजारच्या ट्रॅक्टरने ओढून डांबरावर आणल्या, त्यामुळे या मातीत कोणती गाडी चालते विचाराल तर उत्तर ट्रॅक्टर.

आता ताकद. शोरूमवाला कागद दाखवतो, टोयोटाच्या डिझेल पिकअपला, हायलक्स ऑटोमॅटिकला, 500 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, तोही 1600 आरपीएमपासून, आणि जिम्नीला 134, तोही 4000 ला. आकडे खरे आहेत. पण एक दोन टनांच्या वर आणि दुसरी साधारण सव्वा टनाची, हे त्याच वाक्यात कोणी सांगत नाही. शिवाय जिम्नीत ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर 4एल मध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या हळू चालीत, टाकला की गिअरिंग साधारण दुप्पट खाली येतं, म्हणजे इंजिन मोकळं फिरत राहतं आणि चाक मुंगीच्या चालीने जातं, चोरलच्या बाजूच्या दगडगोट्यांत तेवढं पुरतं. फरक जाणवतो तो चालवण्याच्या पद्धतीत. डिझेलमध्ये क्लच सोडला की आयडलवरच गाडी चढू लागते, पायाला काम नाही. पेट्रोलला आधी रेस द्यावी लागते, आवाज वाढतो, नवख्याला वाटतं गाडी रडतेय, ती रडत नसते, तिची ताकदच वर असते. ज्यांना ओढायचंय, ट्रॉली लावायचीय, रोज पाच-सहाशे किलो घेऊन सिमरोलचा घाट उतरायचा-चढायचाय त्यांनी डिझेलच घ्यावं, यात वादच नाही.

"पण काका, डिझेल स्वस्त पडतं ना." पडायचं, एके काळी. 2025 मध्ये इंदूरला पेट्रोल 106 च्या वर आणि डिझेल 92 च्या आसपास होतं, म्हणजे फरक जेमतेम 14-15 रुपयांचा. माझी पेट्रोल गाडी मिश्र चालीत तेराच्या आसपास देते, साडूंची पिकअप अकरा. हिशोब करा, किलोमीटरला दोन्हीकडे आठ रुपये आणि वर काही पैसे. दोन टन लोखंड रोज गावभर हिंडवायचं तर डिझेलचा स्वस्तपणा त्यातच जिरतो. आणि खरेदीच्या वेळी एकीकडे बारा ते पंधरा लाख, दुसरीकडे पंचवीस-तीस किंवा जास्तच, तेही ऑन-रोडच्या आधी, आणि डिझेलला रोड टॅक्सही वरचढ. मधला बारा-पंधरा लाखांचा फरक डिझेल वाचवून कधी वसूल होणार ते मला तरी दिसत नाही. हां, पेट्रोलवाल्यांनीही फार उड्या मारू नयेत, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं खाली येणारच.

डिझेलची अजून एक गोष्ट शोरूमात कोणी सांगत नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम आले तेव्हापासून डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी. ती गाळणी साफ होण्यासाठी आत खूप तापावी लागते, तरच काजळी जळते, आणि तेवढी ती तापते लांब चालीवर. तुम्ही राजेंद्रनगरहून पलासियाला सिग्नल मोजत जाणार, गाडी बंद करणार, संध्याकाळी तसेच परत येणार, तर काजळी साचत जाते आणि एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मग तासभर काढून गाडी बायपासला न्या आणि एका चालीने वीसेक मिनिटं पळवा, बहुतेक वेळा दिवा विझतो. ज्याचं आठवड्यातून दोनदा खंडवा किंवा धुळ्याला जाणं असतं त्याला डीपीएफ नावाचं काही आहे हे कळतही नाही. साडूभाऊंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

पार्किंग. जिम्नी चार मीटरच्या किंचित आत, हायलक्स 5.3 मीटर. सोसायटीतली आखलेली जागा बहुतेक पाच मीटर लांब असते, म्हणजे पिकअपचं नाक रोज बाहेर आणि सेक्रेटरीचा मेसेज रोज मोबाइलवर. रामबागेतल्या मावशीकडे तर मी पिकअप नेणं सोडूनच दिलंय. टोलवरही गंमत, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी गाडी असली तरी डालं दिसलं की कधीकधी मालवाहू गाडी समजून जास्त कापतात, मग आरसी दाखवून हुज्जत घाला, मागे हॉर्न वाजत असतात.

आता पिकअपच्या बाजूने खरंखुरं बोलतो, नाहीतर म्हणाल जिम्नीवाला आहे म्हणून बोलून राहिलाय. जिम्नीत चारच माणसं बसतात, आणि चार बसली की मागे दोन बॅगांपुरती जागा उरते. घरात दोन मुलं आणि आईवडील असतील तर ही गाडी दुसरी गाडी म्हणूनच घ्यायची, एकुलती एक म्हणून नाही. तेवढ्यासाठी महिंद्राची मोठी थार रॉक्स बघायला जाल तर लक्षात ठेवा, तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. आणि ज्यांची देपालपूर-सांवेरकडे शेती आहे, बटाट्याचे कट्टे चोइथराम मंडीत न्यायचेत, औषधाचे ड्रम, पाइप, मजूर, सगळं त्याच गाडीत, त्यांना डालं लागतंच. पण त्यांनाही मी तीस लाखांची चकचकीत पिकअप सांगत नाही. महिंद्राची बोलेरो कॅम्पर पिकअप घ्या, डबल केबिन, पाठीवर टनभर माल, फोर बाय फोरही मिळते, आणि गावातल्या मेकॅनिकला तिचा नटबोल्ट पाठ असतो. कमर्शियल पाटी, फिटनेसची कटकट, हे मान्य. पण ओरखडा पडला की जीव तुटत नाही, आणि शेताच्या गाडीत हे फार महत्त्वाचं. साडूभाऊ अजून पिकअपच्या डाल्यात गोणपाट अंथरल्याशिवाय फावडं ठेवत नाहीत.

आणि फोर बाय फोर कशासाठी हवंय तेही एकदा स्वतःला विचारा. जानापाव, जाम गेट, मांडू, इकडच्या फिरायच्या जागांना सगळीकडे डांबर आहे, अल्टोपण जाते. तिथे जाऊन फोटोच काढायचे तर टू-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही घ्या, वाचलेल्या पैशात दरवर्षी महेश्वरला चांगल्या हॉटेलात राहा.

जुनी घेणाऱ्यांसाठी शेवटचं. दिल्ली-एनसीआरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या पिकअप आणि एसयूव्ही आपल्याकडे बऱ्याच येतात, दिसायला झकास, किंमत बघून हात शिवशिवतात. इथे त्या चालतात, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला रोड टॅक्स पुन्हा, आणि फायनान्सचा बोजा उतरलाय का, हे तिन्ही कागदावर बघा. गाडी खालून बघा, चासीला गंज किती, ट्रान्सफर केस ओला आहे का, 4एल टाकून दहा-वीस मीटर स्वतः चालवा, विक्रेत्याला चालवू देऊ नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो लिव्हर वर्षानुवर्षं हललेलाच नसतो आणि अडकून बसतो. एनओसी हातात येईपर्यंत टोकन देऊ नका, दलाल कितीही म्हणो की भिया, शाम तक दूसरा ले जाएगा.